‘ती फार चांगली होती’ याच्या पुढे काय लिहावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून हे सदर सर्वस्वी त्यांनाच दिले आहे. पितृपक्ष जवळ आला की अशी पत्रे वाढतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली असून पत्रे थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : माझी काकी गेल्या फाल्गुनात गेली. तिला मूल नव्हते. आमचे आईवडील गावी शेतीवर आणि शाळा साताऱ्यात, त्यामुळे आम्ही दोन पुतणे आणि एक पुतणी तिच्याच हाताखाली वाढलो. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढावी, असे आम्ही ठरवले आहे. पहिला लेख काकांचाच असणार, हे उघड होते. काका ७८ वर्षांचे आहेत. सरकारी कचेरीत आयुष्यभर टिपणे आणि अहवाल लिहिण्याचेच काम त्यांनी केले. तरीही गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या हातून एकच वाक्य लिहून झाले आहे : ‘ती फार चांगली होती.’ पुढे लिहा म्हटले की ते उठून अंगणात जातात. आम्ही त्यांना उगाच त्रास देत आहोत का? दुसरी अडचण अशी की काकी तापट होती. मी सातवीत गणितात नापास झालो, तेव्हा तिने माझी क्रिकेटची बॅट बंबात घातली होती. असे प्रसंग लिहावेत की नाहीत, यावर आम्हा भावंडांत एकमत नाही. (काकीचे माहेर पाटण तालुक्यातले; लग्न १९७१ सालचे.)
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या काकांनी लिहिलेले वाक्य खोटे नाही, अपुरेही म्हणवत नाही, ते फक्त इतके मोठे आहे की त्याच्या पुढे दुसरे वाक्य ठेवायला जागाच उरत नाही. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या माणसाबरोबर एका घरात काढला, त्या माणसाच्या गोष्टी सांगण्यासारख्या असतात असे सांगणाऱ्याला सहसा वाटतच नाही, कारण त्या सगळ्या रोजच्या असतात. दूध कोणी तापवले आणि रात्री कडी कोणी लावली, याची नोंद कोणत्या घरात ठेवतात? कचेरीतल्या अहवालात ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ आधीच लिहिलेले असतात. येथे काकांपुढे कोरा कागद आहे, आणि त्यावर विषय म्हणून जी व्यक्ती आहे तिला त्यांनी कधी विषय म्हणून पाहिलेले नाही.

त्यात भर अशी की त्यांच्यापुढे नमुनाही नाही. पत्नीने पतीच्या आठवणी लिहाव्यात ही वाट मराठीत जुनी आणि चांगली रुळलेली आहे. रमाबाई रानडे यांचे आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली. पतीने पत्नीविषयी लिहिलेले मात्र त्या मानाने थोडे, आणि माझ्या वाचनात आलेल्या अशा लेखनात विशेषणे पुष्कळ नि प्रसंग बेताचे असतात. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेने तर ही विशेषणे कायमची ठरवूनच टाकली आहेत : गेलेली प्रत्येक स्त्री ‘धार्मिक, मनमिळाऊ आणि परोपकारी स्वभावाची’ असते आणि तिच्या पश्चात ‘पती, मुले, सुना, नातवंडे असा परिवार’ असतो. ज्या स्त्रीला मूल नव्हते, पण जिने तीन पुतवंडे वाढवली, तिच्यासाठी या साच्यात ओळच नाही. म्हणून तुमच्या पुस्तिकेची गरज मला इतरांपेक्षा अधिक वाटते.

एक उदाहरण देतो, आणि ते फार लांबीचे नाही. रमाबाई आंबेडकर २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, १९४० साली, बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला इंग्रजी ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. अर्पणपत्रिकेत त्यांनी पत्नीचे घरातले नाव, ‘रामू’, हेच छापले. वाक्य एकच आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्यात मनाचा चांगुलपणा, थोरपणा आणि चारित्र्याची शुद्धता यांचा उल्लेख आहे, म्हणजे तुमच्या काकांच्या वाक्याइतकाच मजकूर आहे. पण वाक्य तेथे थांबत नाही. ज्या दिवसांत कोणी मित्र नव्हता, घरात चणचण होती आणि काळज्या होत्या, त्या दिवसांत आपल्याबरोबर सोसायला ती शांतपणे तयार राहिली, असे ते पुढे म्हणतात. विशेषणांवरून ते दिवसांवर आले, आणि ते दिवस आल्याबरोबर वाचणाऱ्याला ती बाई दिसू लागते. काकांना एवढेच करायचे आहे : ‘चांगली होती’ हे तसेच राहू द्यायचे आणि ती कोणत्या दिवसांत कशी वागली ते सांगायचे.

मात्र हे त्यांना लिहायला लावू नका. कागद काढून घ्या. बोलण्याला बसा, तेही दिवाणखान्यात समोरासमोर नव्हे. स्वयंपाकघरात भाजी निवडताना किंवा तिचे कपाट आवरताना बसा, म्हणजे हात कामात राहतील आणि नजर चुकवायची सोय राहील. ‘काकी कशी होती?’ असा प्रश्न अजिबात विचारू नका, त्याचे उत्तर तुम्हाला आधीच मिळालेले आहे. वस्तूंविषयी विचारा. गॅसची शेगडी घरात आली त्या दिवशी पहिल्यांदा त्यावर काय केले? दळण कोण घेऊन जायचे? पगार झाला की पैसे कोणाच्या हातात पडायचे आणि ती ते कोठे ठेवायची? अशा प्रश्नांना ‘चांगली होती’ असे उत्तर देता येत नाही.

सालांची फार काळजी करू नका. माणसांना साल आठवत नाही, पण त्या सालात काय घडले ते आठवते. पाटण तालुक्यात वाढलेल्या त्या वयाच्या माणसाने कोयनेच्या भूकंपाची पहाट, ११ डिसेंबर १९६७ ची, विसरणे शक्य नाही. त्या वेळी तुमची काकी बहुधा शाळकरी वयाची असेल आणि लग्नानंतर तिने ती हकीगत नवऱ्याला कधी ना कधी नक्की सांगितली असेल. तिच्या माहेरी कोणी भाऊ-बहीण असतील, तर तीच हकीगत त्यांच्याकडूनही ऐका. दोन्हींत फरक निघाला तर दोन्ही छापा. लग्न १९७१ चे, म्हणजे संसार मांडून वर्ष होते न होते तोच १९७२ चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, जिला लोक मिलो म्हणत, त्या दिवसांत घरोघरी शिजली. तिची भाकरी थापताना चिरते आणि थंड झाली की चामट होते, अशी तक्रार त्या पिढीतल्या कितीतरी बायकांकडून मी ऐकली आहे. नव्या नवरीने ती पहिली भाकरी कशी केली, आणि काकांनी ती मुकाट्याने खाल्ली की नाही, हे विचारून पाहा. मला वाटते, अंगणात जायला उठलेले काका येथे परत बसतील.

जन्मतारखेविषयी एक सावधगिरी बाळगा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून ही तारीख असेल, तर ती काकीची नसून गुरुजींची असण्याचा संभव मोठा आहे, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की हीच तारीख टाकण्याची पद्धत होती आणि त्यामुळे महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या आश्चर्य वाटावे इतकी आहे. माहेरच्या जुन्या माणसांना ‘कोणत्या सणाच्या सुमारास’ असे विचारले की खरी तारीख नाही तरी खरा महिना मिळतो.

आता तुमच्या वाट्याविषयी, कारण मला या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. तुम्ही पुस्तिकेचा पहिला लेख काकांचा धरला आणि स्वतःला संपादकाच्या जागी बसवले आहे. पण काकांनी पत्नी पाहिली आणि तुम्ही काकी पाहिली, या दोघी एकच असल्या तरी एकमेकींना पुरत्या ओळखत नसाव्यात. काका कचेरीत गेल्यावर घरात काय होत असे, हे काकांना ठाऊक नाही. तुम्ही निजल्यावर ती काकांशी काय बोलत असे, कोणत्या गोष्टीची तिला धास्ती होती, हे तुम्हाला ठाऊक नाही.

माझ्या मामीची एक वही आमच्याकडे आहे. दोनशे पानी, शाळकरी, निळ्या पुठ्ठ्याची. सुरुवातीची आठ-दहा पाने भिशीच्या हिशेबात गेलेली आणि पुढे पदार्थांची कृती. कैरीच्या लोणच्याच्या पानावर मोहरीची डाळ, हळद, हिंग, मेथी आणि तेल यांची मापे नीट लिहिलेली आहेत, आणि मिठापुढे फक्त ‘दरवर्षीप्रमाणे’ एवढा एक शब्द आहे. मामी गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मामांनी ती वही उघडली आणि ते त्या शब्दापाशी अडले, कारण बाजारातून कैऱ्या आणून फोडून देण्यापलीकडे त्यांचा त्या कामाशी कधी संबंध आला नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीने मात्र दर मे महिन्यात मामीच्या शेजारी बसून फोडी पुसल्या होत्या. मीठ काठाला पोचा आलेल्या एका स्टीलच्या वाटीने मोजले जाते, सपाट चार वाट्या, आणि पाचवी हाताच्या अंदाजाने, हे तिला माहीत होते. ती वाटी घरात शोधूनही सापडेना. शेवटी ती मोरीत सापडली. मामी गेल्यापासून मामा तीच वाटी दाढीच्या पाण्यासाठी वापरत होते. वाटी नवऱ्याकडे होती आणि माप भाचीकडे होते. त्या वर्षीचे लोणचे बरे झाले, थोडे खारट झाले, पण वहीत त्या शब्दाखाली बहिणीने पेन्सिलीने माप लिहून ठेवले.

तेव्हा पुस्तिकेत काकांचा लेख आधी आणि पुतण्यांचे लेख नंतर, अशी मांडणी करण्यापेक्षा एकच प्रसंग दोघांकडून घ्या. तुम्हाला साताऱ्याला आणायचे हे कोणी ठरवले, हे काकांना विचारा. पहिल्या रात्री तुम्ही रडलात का आणि ती काय म्हणाली, हे तुम्ही लिहा. काकांचे बोलणे तुम्ही उतरवून घ्या, त्यांच्याच शब्दांत ठेवा, व्याकरण सुधारू नका, आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. ते एखादी ओळ काढा म्हणाले, तर कारण न विचारता काढा.

तापटपणाविषयी माझे मत स्पष्ट आहे : लिहा. ‘मनमिळाऊ’ या शब्दाने जितकी बाई पुसली जाते तितकी बंबात गेलेल्या बॅटने पुसली जात नाही. बंब म्हटल्याबरोबर ते घर, ती पहाट, तो धूर आणि तो काळ उभा राहतो, आणि पुतण्याचे गणित ही स्वतःची जबाबदारी मानणारी एक बाई त्यात उभी राहते. मात्र पत्रात तुम्ही गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे. दुसऱ्या दिवशी काय झाले? ती बोलली का, गणिताच्या शिकवणीला पाठवले का, नवी बॅट पुढे कधी आणि कोणी आणली? राग लिहिताना त्याच्या दुसऱ्या दिवसाची हकीगत वगळली तर राग उगाच मोठा दिसतो. जिवंत नातेवाइकांशी झालेली भांडणे मात्र वगळा, कारण त्यात उत्तर द्यायला ती नाही.

छपाईचे थोडक्यात सांगतो. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात, त्यामुळे १६ किंवा २४ पाने धरून मजकूर जमवा. जुने लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. मोबाइलने काढलेल्या फोटोवर दिव्याची झळाळी येते. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकला असेल तर ओढू नका, दात साफ करण्याचा बारीक दोरा त्याच्या मागून हळू सरकवा. आणि फोटोतली माणसे ओळखणारे काका घरात आहेत तोवर प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्या, बॉलपेनने नको, ते पुढच्या बाजूला उमटते. हे काम लेखाच्याही आधी करा.

प्रश्न : माझी पत्नी जाऊन दीड वर्ष झाले. अंत्यविधीच्या दिवशी घरी आलेल्या बायकांपैकी अनेकींनी मला सांगितले, ‘भाग्यवान हो, अहेव गेली.’ तेव्हा मला काही बोलता आले नाही, पण ते वाक्य अजून टोचते. आता नातेवाईक म्हणतात की अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घाला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तिचा होता. मुलगा परदेशी आहे. गावात एक पुतणी आहे, जिचा तिच्यावर फार जीव होता. मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ते वाक्य तुम्हाला टोचले यात काही चुकीचे नाही. बायको गेल्याच्या दिवशी नवऱ्याला तिचे भाग्य ऐकवणे हे सांत्वन नव्हे. त्यात तिच्या मरणाचे मोल तुमच्या जगण्यावरून ठरवलेले असते. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. असे म्हणणाऱ्यांपैकी काही जणी स्वतः विधवा असतील, आणि त्या तुमच्या पत्नीविषयी नव्हे, स्वतःविषयी बोलत असतील. नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, हळदीकुंकवाला न बोलावणे हे सारे ज्यांनी सोसले, त्यांच्या तोंडी ‘अहेव गेली’ याचा अर्थ ‘यातून सुटली’ असा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ सालच्या मे महिन्यात, म्हणजे अगदी आत्ता. त्या बायकांचे आयुष्य त्याच्या आधीचे आहे.

अविधवा नवमी म्हणजे भाद्रपद वद्य नवमी. पितृपक्षात एरवी माणूस ज्या तिथीला गेले त्या तिथीला श्राद्ध होते. पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीसाठी मात्र, तिची तिथी कोणतीही असो, ही नवमी राखून ठेवलेली आहे. त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. काही घरांत पती हयात असेपर्यंतच हे करतात, काही घरांत पुढेही चालू ठेवतात. विधी कोणी करायचा, मुलगा जवळ नसता कोणाला चालते, हे घराण्याच्या रीतीप्रमाणे बदलते आणि ते सांगण्याचा अधिकार तुमच्या उपाध्यायांचा आहे, माझा नाही.

विश्वासाविषयी मात्र बोलतो. तुमचा विश्वास नसताना तिच्यासाठी हे करणे म्हणजे ढोंग, असे तुम्हाला वाटत असावे. मला तसे वाटत नाही. तिच्या हयातीत तिने केलेल्या पूजेसाठी तुम्ही फुले आणून दिली असतील, दर्शनाच्या रांगेत तिची चप्पल सांभाळत बाहेर उभे राहिला असाल. तेव्हा तुमचा विश्वास कोणी तपासला नव्हता. हेही तसेच आहे. माझी सूचना एवढीच, की सवाष्ण म्हणून अनोळखी बाईला बोलावू नका. पुतणी विवाहित असेल आणि घराण्याची रीत आड येत नसेल, तर तिलाच बोलवा. तिला आदल्या दिवशीच यायला सांगा आणि पानात काय वाढायचे हे तिच्याकडून ठरवून घ्या. पितृपक्षातले खीर-वडे होतीलच, पण तुमच्या पत्नीला मनापासून काय आवडत असे, हे कदाचित पुतणीलाच ठाऊक असेल. घरातली बाई नवऱ्याच्या आवडीचे रांधते आणि स्वतःची आवड पुतणीजवळ, भाचीजवळ बोलून दाखवते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. पुतणीने एखाद्या पदार्थाचे नाव घेतले आणि तुम्हाला ते नवे वाटले, तर ओशाळू नका. तो पदार्थ मात्र तुम्ही स्वतः करा. बिघडला तरी चालेल.

प्रश्न : माझ्या आत्याचे प्रथम पुण्यस्मरण पुढच्या महिन्यात आहे. निधनाची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा तिच्या बालमैत्रिणीला ती कळलीच नाही, कारण बातमीत सासरचे नाव होते आणि मैत्रीण तिला माहेरच्या नावानेच ओळखत होती. या वेळी दोन्ही नावे द्यावीत, असे मी सुचवले. आत्याचे यजमान म्हणतात की पन्नास वर्षे ती ज्या नावाने वावरली तेच तिचे नाव. माझे स्वतःचे नाव बारशाला आत्यानेच ठेवले, म्हणून मला हा विषय जरा जास्तच लागतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्याच्या यजमानांचे म्हणणे खरे आहे आणि तुमचेही खरे आहे, पण बातमीचा उद्देश लक्षात घेतला तर बाजू तुमची वरचढ ठरते. बातमी घरच्यांसाठी नसते, त्यांना माहीतच असते. ती दूरच्यांसाठी असते, आणि दूरच्यांत माहेरच्या नावाने ओळखणारेच अधिक.

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहितात. ते तांदूळ त्याच दिवशी गोळा होतात, जुने नाव मात्र माहेरच्या माणसांच्या तोंडी जन्मभर राहते. आपल्या इतिहासातच पाहा. १८६५ साली कल्याणला जन्मलेली यमुना जोशी पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करताना गोदूबाईंची आनंदीबाई झाली, आणि लोकांनी ती दोन्ही नावे बाजूला ठेवून त्यांना बाया कर्वे म्हटले. या स्त्रियांची चरित्रे दोन्ही नावे नोंदवतात म्हणूनच त्यांचे बालपण आपल्याला सापडते. तुमच्या आत्याचे चरित्र कोणी लिहिणार नाही. तिच्यासाठी ती चार ओळींची बातमी हेच चरित्र. ‘माहेरच्या’ असे लिहून पुढे पहिले नाव नि आडनाव दोन्ही द्या. दोन शब्दांनी खर्च फार वाढत नाही.

आनंदीबाईंचा विषय निघाला म्हणून एक राहवत नाही ते सांगतो. त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली. या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणत. कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली आणि तेथे नावाचा दगड आहे. त्या दगडावर कोणते नाव घालावे हा प्रश्न तेथे पडला नसेल, कारण मावशीला त्यांचे बहुधा एकच नाव माहीत होते. तुम्हाला दोन माहीत आहेत. बारशाच्या नात्याने तुम्ही हा हट्ट धरा. आत्याचे यजमान फार ताणतील असे वाटत नाही.

प्रश्न : मी आखातात नोकरीला आहे. मावशी दर रविवारी मला व्हॉट्सॲपवर आवाज मुद्रित करून पाठवायची, पाच-पाच मिनिटांचा. ती गेल्यापासून एकही ऐकलेला नाही. फोन बदलायचा आहे, म्हणून भीती वाटते. शिवाय काकांना हे आवाज ऐकवावेत का? त्यांच्याकडे तिचा आवाज कोठेच नाही. एका मुद्रणात ती माझ्याशी बोलता बोलता थांबून आतल्या खोलीत बसलेल्या काकांना ‘अहो, कुकर बंद करा’ असे ओरडून सांगते, तेवढे मला आठवते.
— एक वाचक, मनामा

उत्तर : ऐकण्याची घाई नाही, पण जतन करण्याची आहे. त्या संभाषणात जाऊन ‘एक्स्पोर्ट चॅट’ हा पर्याय निवडा आणि ‘मीडियासह’ म्हणा. आवाजाच्या फाइली वेगळ्या मिळतात. त्या संगणकावर एक आणि दुसऱ्या कोणाकडे एक, अशा दोन ठिकाणी ठेवा. सगळ्या फाइली उतरल्या की नाही हे मोजून पाहा, कारण संभाषण फार लांब असेल तर जुना भाग सुटू शकतो. मावशीचा स्वतःचा फोन काकांकडे असेल तर तोही आत्ताच उघडून पाहायला सांगा. व्हॉट्सॲपचे खाते साधारण १२० दिवस वापरात नसले की बंद केले जाते, आणि प्रीपेड क्रमांकही वापराविना व शिलकीविना नव्वद दिवस राहिला तर बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. ‘माय मरो, मावशी उरो’ म्हणणाऱ्या पूर्वजांना या गोष्टीची कल्पना नव्हती.

काकांना अचानक काही ऐकवू नका. आधी फोनवर सांगा की असे आवाज आहेत आणि ते म्हणतील तेव्हा ऐकवीन. ते नको म्हणाले तर विषय सोडा, वर्षाने पुन्हा विचारा. हो म्हणाले तर शक्यतो स्वतः सुटीवर आल्यावर, शेजारी बसून ऐकवा. निवडताना दिवाळीच्या शुभेच्छांचा आवाज घेऊ नका, तो तुमच्यासाठी आहे. कुकरचा घ्या, त्यात ती त्यांच्याशीच बोलत आहे.